सर्वांच्या मालकीचा छापखाना

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. एका पानावर दोन रकाने. एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. तो अंक निघायला काय काय लागले असेल, याचा जरा विचार करा. छापखाना हवा, खिळे हवेत, ते जुळवणारा हवा, कागद हवा, शाई हवी. चार शब्द लोकांपर्यंत पोचवायचे, तर आधी छापखान्याच्या मालकापर्यंत पोचावे लागे. त्याने नाही म्हटले, की शब्द घरातच राहत.

आज शाळेला, ग्रामपंचायतीला, बचत गटाला आपले संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, काढता येते. पण त्यालाही एक छापखाना लागतोच. फक्त तो लोखंडाचा नसतो, आज्ञावलीचा असतो. इंग्रजीत त्याला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात; आपण आजच्यापुरते ‘मजकूर-व्यवस्था’ म्हणू. हा छापखाना कुणी बांधला, तो सगळ्यांच्या मालकीचा कसा झाला, आणि आपण तो चालवायला कुठून सुरुवात करावी, हे आज सांगायचे आहे.

आधी एक अनुभव सांगतो. माझ्या माहितीतल्या एका खेड्यातल्या शाळेने हौसेने संकेतस्थळ काढले. काम एका ठेकेदाराला दिले. मुलांच्या कविता, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, गावच्या जुन्या विहिरींची मुलांनी केलेली पाहणी, सगळे त्यावर चढले. तीन वर्षांनी ठेकेदाराने धंदा बदलला. संकेतस्थळाचे नाव त्याच्या नावावर, परवलीचा शब्द त्याच्या खिशात, आज्ञावली त्याच्या घरची. एके सकाळी शाळेने पाहिले तर पान उघडेना. विहिरींची पाहणी केलेली मुले तोवर शाळा सोडून गेली होती. ते काम पुन्हा कोण करणार? चूक कोणाची, हा भाग सोडा. प्रश्न असा, की आपले लिहिलेले आपल्या हातात राहावे यासाठी काय करायला हवे होते? आजच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे.

सुरुवात करू ती जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेपासून. तिथे टिम बर्नर्स-ली नावाचे इंग्रज गृहस्थ काम करीत. एका संगणकावरची माहिती दुसऱ्या संगणकावरून सहज वाचता यावी, अशी योजना त्यांनी १९८९ साली मांडली आणि १९९१ साली जगातले पहिले संकेतस्थळ लोकांसाठी उघडले. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले, की ही सारी आज्ञावली कुणीही वापरावी, तिचे मोल आम्ही घेणार नाही. त्या एका कागदाने आजचे जग घडवले असे म्हटले तरी अतिशयोक्ती नाही.

पण त्या वेळी संकेतस्थळ बनवणे म्हणजे हातकाम होते. प्रत्येक पान खुणांच्या भाषेत हाताने लिहावे लागे. समजा, शाळेची वेळ अकराची साडेदहा झाली आणि ती चाळीस पानांवर लिहिलेली आहे. तर चाळीस पाने उघडा, चाळीस ठिकाणी दुरुस्ती करा. एक जरी राहिले, तरी पालक अकरालाच येणार!

यावर तोड निघाली ती आपल्या शिक्षकांना चटकन उमगेल. शाळा सोडल्याचा दाखला आठवा. दाखल्याचा छापील नमुना एकच असतो. मुलाचे नाव, जन्मतारीख, इयत्ता ही माहिती जनरल रजिस्टरात असते. कुणी दाखला मागितला, की कारकून रजिस्टर उघडतो, नमुन्यात माहिती भरतो आणि कागद हातात देतो. मजकूर-व्यवस्था नेमके हेच करते. मजकूर राहतो विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये. ते झाले रजिस्टर. पानाचे रूप राहते साच्यात. तो झाला छापील नमुना. आणि आज्ञावली म्हणजे आपला कारकून. वाचकाने पान मागितले, की क्षणार्धात दोन्ही जुळवून ती पान तयार करून देते. नमुना बदला, सगळी पाने बदलतात. रजिस्टरात तारीख दुरुस्त करा, सगळीकडे दुरुस्त होते.

आता मालकीचा प्रश्न. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक संगणकतज्ज्ञ होते आणि आहेत. आज्ञावल्या कुलूपबंद करून विकण्याची रीत वाढत चालली, हे त्यांना खटकले. १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलींचा संकल्प जाहीर केला आणि १९८९ साली एक परवाना लिहिला. त्याला जीपीएल म्हणतात. त्यातले चार हक्क शेतकऱ्याला घरच्या बियाण्यावरून समजतील. हे बियाणे कुठल्याही रानात पेरा. ते कसे वाढते ते तपासा आणि निवड करून सुधारा. शेजाऱ्याला पायलीभर द्या. आणि सुधारलेले वाणही खुशाल वाटा. अट एकच: ज्याला द्याल, त्याला हेच चारही हक्क द्यायचे. घेताना मोकळे आणि देताना कुलूप, हे चालणार नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. मुक्त आज्ञावली विकतही देता येते, ती बसवून देण्याची मजुरीही घेता येते. हक्क मात्र काढून घेता येत नाहीत. पुढे १९९८ साली अशा आज्ञावलीला ‘ओपन सोर्स’, म्हणजे जिचे मूळ उघडे आहे ती, असे दुसरे नाव पडले.

मजकूर-व्यवस्थेचा गाडा ज्या चाकांवर धावतो, तीही अशीच मोकळी होती. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सला हात घातला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेर्डोर्फ यांनी आपल्या स्वतःच्या पानाला कितीजण भेट देतात हे मोजायला काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या होत्या; १९९५ साली त्यांनी त्या सर्वांना दिल्या, आणि त्यातून पीएचपी ही भाषा वाढली. त्याच १९९५ साली पाने पोचवणारा अपाची आणि विदागार सांभाळणारे मायएसक्यूएल आले. या मायएसक्यूएलमधले ‘माय’ म्हणजे इंग्रजीतले ‘माझे’ नव्हे बरं का! त्याचे एक कर्ते मायकेल विडेनियस यांच्या मुलीचे नाव माय. तेच त्यांनी आपल्या कामाला दिले.

आता खेड्यातल्या श्रोत्यांना आवडेल अशी गोष्ट. बेल्जियममध्ये अँटवर्प नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात २००० साली ड्रिस बायटार्ट शिकत होते. वेगवान इंटरनेट तेव्हा महाग. त्यांनी आणि एका मित्राने एकच जोडणी वसतिगृहातल्या मित्रांमध्ये वाटून घेतली. मग जोडणी चालू आहे की बंद, आज रात्री जेवायला कुठे जमायचे, असे निरोप ठेवायला ड्रिस यांनी एक छोटा फलक तयार केला. आपल्या चावडीवरच्या फळ्यासारखाच म्हणा ना. शिक्षण संपून मंडळी पांगली, तेव्हा तो फलक इंटरनेटवर नेऊन संपर्क टिकवायचे ठरले. नाव ठरले ‘डॉर्प’. डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडेगाव. पण नाव मोकळे आहे का हे पाहताना टंकनात अक्षरे मागेपुढे झाली आणि ‘डॉर्प’चे ‘ड्रॉप’ झाले! ते नाव बरे वाटले, तेच ठेवले. जानेवारी २००१ मध्ये त्यामागची आज्ञावली त्यांनी सर्वांना खुली केली, तेव्हा थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून तिचे नाव ठेवले ड्रुपल. वसतिगृहातला तो फळा २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीपर्यंत पोचला. २०१७ पर्यंत व्हाइट हाउसचे संकेतस्थळ ड्रुपलवर चालले.

दुसरी गोष्ट वर्डप्रेसची. परवाना किती मोलाचा असतो, हे या गोष्टीत सर्वांत स्पष्ट दिसते. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरचे मिशेल वाल्ड्रिगी यांनी २००१ साली ‘बी टू’ नावाची मजकूर-व्यवस्था लिहिली आणि ती जीपीएल परवान्याखाली दिली. लोक ती वापरू लागले. पण काही काळाने काम थांबले. नवी आवृत्ती येईना, दुरुस्त्या होईनात. ती वापरणाऱ्यांत अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग होता. जानेवारी २००३ मध्ये त्याने आपल्या पानावर लिहिले, की कर्ता तर दिसत नाही, पण परवाना मोकळा आहे. तेव्हा हेच काम पुढे न्यावे असा माझा विचार आहे. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या माइक लिटल यांनी खाली चार ओळी लिहून कळवले, की तू खरेच करणार असशील तर मीही हातभार लावीन.

झाले! २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. नाव सुचवले ते ह्यूस्टनच्याच क्रिस्टीन सेलेक ट्रेमुले यांनी. पुढे वाल्ड्रिगी यांनीही वर्डप्रेसला आपल्या कामाचा वारस मानले. आता त्या शाळेच्या ठेकेदाराची गोष्ट आठवा. इथेही करणारा मनुष्य दूर झाला होता. पण बियाणे घराघरांत होते, म्हणून पीक बुडाले नाही. परवानगी मागायला कुणाच्या दारात जावे लागले नाही.

मे २००४ मध्ये वर्डप्रेसला प्लगिन, म्हणजे वरून जोडायचे भाग, जोडण्याची सोय आली. फेब्रुवारी २००५ मध्ये रूप बदलणारे साचे, म्हणजे थीम, आल्या. त्याच २००४ च्या मे महिन्यात मूव्हेबल टाइप या त्या वेळच्या लोकप्रिय आज्ञावलीने आपले दर आणि अटी बदलल्या. पुष्कळ लेखक बिथरले आणि वर्डप्रेसकडे आले.

तिसरी गोष्ट भांडणाची आहे, आणि तिच्यातल्या एका शब्दाशी आपले जुने नाते आहे. ऑस्ट्रेलियात मिरो नावाच्या कंपनीने मॅम्बो ही मजकूर-व्यवस्था सुरू केली होती. ऑगस्ट २००५ मध्ये तिच्या कारभारावरून तंटा झाला. प्रत्यक्ष काम करणारी मंडळी बाहेर पडली आणि त्याच मोकळ्या मुळावर त्यांनी नवी व्यवस्था उभी केली. नाव दिले जूमला. स्वाहिली भाषेतल्या ‘जुमला’ या शब्दावरून ते घेतले. अर्थ, सगळे मिळून. हा शब्द मूळ अरबी. तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला तसा आपल्याकडेही आला. जुन्या मराठी हिशेबात बेरजेपाशी ‘जुमला’ लिहीत, तो हाच! भांडणातून जन्मलेल्या वस्तूला ‘सगळे मिळून’ हे नाव पडावे, यात मौज आहे आणि शहाणपणही आहे.

मग सगळे गोडच आहे का? तसे समजू नका. सामायिक विहीर उपसायची कुणी, हा प्रश्न जसा गावात असतो, तसा इथेही आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधला एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्याच दिवशी दुरुस्तीही देण्यात आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा मंडळींनी बजावले, की ज्यांनी सात तासांच्या आत दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपले घर फुटले असेच धरून चालावे. सात तास! आपण रात्री झोपतो तेवढा वेळ. वर्डप्रेसने त्याआधीच, ऑक्टोबर २०१३ पासून, लहान दुरुस्त्या आपोआप बसण्याची सोय केली होती. उपकरण मोकळे असले, तरी त्याची राखण करावीच लागते.

दुसरा धडा २०२४ चा. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. त्या वर्षी मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात मोठा वाद झाला. वर्डप्रेसच्या मुख्य भांडारातून दुरुस्त्या घेण्याची त्या कंपनीची वाट सप्टेंबरमध्ये बंद करण्यात आली. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने ती तात्पुरत्या हुकमाने पुन्हा उघडायला लावली. कोण बरोबर, हा निवाडा आपण करायचा नाही. आपण एवढेच शिकायचे: बियाणे सर्वांचे असले, तरी ते वाटणाऱ्या कोठाराची किल्ली कुणाच्या तरी हातात असते. म्हणून घरात चार शेर बियाणे नेहमी बाजूला ठेवावे.

आता सुरुवात कशी करायची? शिक्षक बंधुभगिनींनो, कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्या.

पहिली गोष्ट नावाची. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, दरवर्षी पैसे भरून राखावे लागते. ते शाळेच्या नावावर घ्या, शाळेच्या ईमेल पत्त्यावर घ्या. ठेकेदाराच्या नको, उत्साही गुरुजींच्याही नको. गुरुजींची बदली होते. नूतनीकरणाची तारीख मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहा.

दुसरी गोष्ट जागेची. पाने ठेवायला भाड्याची जागा लागते, तिला होस्टिंग म्हणतात. ती घेण्याआधी शाळेतल्याच एखाद्या संगणकावर वर्डप्रेस बसवून महिनाभर सराव करा. पोहणे आधी विहिरीत शिकावे, मग नदीत उतरावे.

तिसरी गोष्ट भाषेची. वर्डप्रेस बसवताना सुरुवातीलाच भाषा विचारली जाते. तिथे मराठी निवडता येते. ते भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले आहे. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच टंकित करा. पूर्वी आपल्याकडे निरनिराळ्या फाँटांत लिहिण्याची रीत होती. तो मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर भलत्याच अक्षरांत दिसे. शाळेच्या जुन्या फाइली तशा असतील, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. विदागाराची लिपी-पद्धतही यूटीएफ-एटच असल्याची खात्री करा. नाहीतर ‘आमची शाळा’ लिहावे आणि पानावर प्रश्नचिन्हांची रांग दिसावी, असा प्रसंग येतो.

चौथी गोष्ट कामाच्या वाटणीची. वर्डप्रेसमध्ये प्रत्येकाला वेगळा अधिकार देता येतो. मुलांना ‘योगदानकर्ता’ करा; त्यांना लिहिता येते, पण प्रसिद्ध करता येत नाही. मराठीच्या बाईंना ‘संपादक’ करा. त्या वाचतील, शुद्धलेखन तपासतील, मग प्रसिद्ध करतील. प्रशासकाचा अधिकार दोघांनाच द्या, आणि परवलीचे शब्द बंद पाकिटात शाळेच्या कपाटात ठेवा. आणि ध्यानात ठेवा, लिहिण्याचे प्रकार दोन. शाळेचा पत्ता, इतिहास, वेळा यांसाठी ‘पान’. ते क्वचित बदलते. सहल, निकाल, मुलांचे लेख यांसाठी तारखेनुसार येणारी ‘पोस्ट’. ती रोजनिशीसारखी वाढत जाते. हा फरक पहिल्या दिवशी कळला, की पुढचा पसारा टळतो.

पाचवी गोष्ट राखणीची. प्लगिन मोजकेच घ्या. मुख्य भांडारातूनच घ्या, आणि अलीकडे दुरुस्त झालेलेच घ्या. महाग वस्तूची चोरटी प्रत कुणी फुकट देऊ लागला, तर दारात उभे करू नका. आत काय दडवले असेल सांगता येत नाही. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवा.

आणि शेवटची, सर्वांत मोलाची गोष्ट: प्रत. दर महिन्याला दोन वस्तूंची प्रत काढून शाळेच्या कपाटात ठेवायची. एक विदागाराची, कारण मजकूर तिथे असतो. दुसरी ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरची, कारण छायाचित्रे आणि साचे तिथे असतात. एकच घेतली तर अर्धेच वाचेल. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहा. दोर न ओढता बादली भरते की नाही, हे कसे कळणार?

एवढे केले तर काय होईल? ठेकेदार गेला तरी नाव तुमचे राहील. जागेचा मालक अडून बसला तरी प्रत तुमच्या कपाटात असेल आणि ती दुसऱ्या जागेत उभी करता येईल. वर्डप्रेस चालवणारे उद्या भांडून वेगळे झाले, तरी परवाना मोकळा आहे. कुणीतरी चार ओळी लिहील, कुणीतरी हातभार लावीन म्हणेल, आणि काम पुढे जाईल. हे याआधी घडलेले आहे.

त्या शाळेने, श्रोतेहो, पुन्हा संकेतस्थळ काढले आहे. या खेपेस नाव शाळेचे आहे. जुन्या मुलांपैकी एकाकडे विहिरींच्या पाहणीची वही सापडली. ती पुन्हा टंकित करण्याचे काम सध्या सातवीची मुले करीत आहेत. सत्तावीस विहिरींपैकी अकरांची नोंद वहीत पुसट झाली आहे. तेवढ्या विहिरी ती मुले येत्या सुट्टीत पुन्हा पाहून येणार आहेत.